टोपीच्या घडीतला मणी

लालबाग, बुऱ्हाणपूर
९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

ज्योत्स्ना,

अक्षर ओळखलंस ना? मग फाडायच्या आधी निदान एवढं पान वाच. माय बरी आहे. कुणी गेलेलं नाही. पैसे नकोत. जुनं उकरायलाही बसलेली नाही, तेवढी उसंतच नाही मला.

पत्र अशासाठी की फोनवर तू मला अडवून ठेवलं आहेस, आणि दुसऱ्याच्या फोनवरून हे बोलायची माझी हिंमत नाही. फोनवरचं लिहिलेलं कुठून कुठे जातं काय सांगावं. घरचा पत्ता माहीत नाही म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर टाकते. तू उरणला त्या क्लिअरिंग एजंटकडे बसतेस हे मला मागच्याच वर्षी कळलं. इंदूरच्या पार्टीचा माल त्यांच्याच हातून जहाजावर चढतो, कागदांच्या झेरॉक्स आमच्याकडे येतात आणि खाली तुझी सही असते. सहीला शेपूट काढायची खोड तुझी अजून गेली नाही.

आता ऐक. या उन्हाळ्यात इंदूरच्या सुधाकर शेठकडून आम्हाला युरोपची ऑर्डर मिळाली. रांगत्या बाळांची झबली, मागे टोपी लावलेली, मऊ सुती कापडाची. बाह्या लावलेली कुंचीच म्हण ना. बाबांच्या प्लॉटवर शिलाईची शेड टाकली तेव्हापासून एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं. आणि नियम तर विचारू नकोस. टोपीला बंद नकोत, कारण तिकडे घसरगुंडीत बंद अडकून लेकरं गेलीत. बटण ओढून निघता कामा नये. रंगात विषारी काही नको. लेबलवर कापूस किती ते त्यांच्या भाषांत, तिकडच्या मागवणाऱ्याचा पत्ता, शिवाय आमचा लॉट नंबर. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत मशीन बंद. आणि शेवटी एकेक झबलं लोखंड ओळखणाऱ्या मशीनखालून जायचं. मी हे सगळं डोळ्यांत तेल घालून केलं. बायका मागून मला इन्स्पेक्टरीण म्हणायच्या, म्हणू दे. नमुन्याची झबली लॅबमधून पास होऊन आली त्या दिवशी तुझ्या दाजींनी शेडवर पेढे वाटले.

माय शेडवर येते हे तुला ठाऊक नसेल. घरात बसून डोकं खायची, म्हणून मीच तिला धागे कापायला बसवलं. दाराजवळ पोतं टाकून बसते, पुढ्यात झबल्यांचा ढीग, हातात छोटी कात्री. नजर कमी झाली पण बोटं अजून पक्की आहेत. मला वाटलं, चला, रमली म्हातारी.

माल मागच्या आठवड्यात गेला. काल मी तेलाचे डाग पडलेली, बाजूला काढलेली झबली मशीन पुसायला फाडत होते. टोपीच्या मागच्या घडीत कात्रीला काहीतरी कच्च लागलं. मला वाटलं सुई. उसवून बघते तर काळा मणी. काचेचा, पोतीतला. आतून दोन टाके घालून बसवलेला, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. दुसरं उसवलं, त्यातही होता. तिसऱ्यात नव्हता. चौथ्यात होता.

तुला सांगायला नको, कुणाचं काम ते.

मी मायला विचारलं तर ती माझ्याकडेच बघत बसली, मीच येडी असल्यासारखी. म्हणाली, "लेकराचं कापड असं उघडं-बोडकं कसं धाडशीन? बंद तं तुम्ही कापून टाकले." सुई कुठून आणली तर अंबाड्यातून. माझ्या शेडमध्ये एकेक सुई मोजून देतात आणि घेतात, आणि हिच्या अंबाड्यात सुई! किती झबल्यांत घातले विचारलं, तर म्हणे हाताखालून गेली तेवढ्यांत, मणी सरले तेव्हा नाही घातले. तिकडची लेकरं गोरीगोमटी, त्यांना दृष्ट लवकर लागते, हे वर.

मशीन लोखंडाला ओरडतं. काचेला नाही. सगळा माल पास होऊन निघून गेला.

जहाज पुढच्या मंगळवारी आहे असं कागदावर लिहिलंय. कंटेनर आत्ता तुमच्याच बाजूला कुठेतरी असेल. तू कागदात काहीतरी खोट काढ. शिक्का नीट नाही म्हण, वजन जुळत नाही म्हण, तुला यातलं कळतं. माल परत फिरला की मी इथे गुपचूप उसवून घेते, कुणाला पत्ता लागणार नाही. मायचं नाव येणार नाही, शेडचं येणार नाही. एवढं कर. पुन्हा कधी त्रास देणार नाही.

शीतल


लालबाग
१२ सप्टेंबर, शुक्रवार

ज्योत्स्ना,

स्पीड पोस्ट पोचल्याचं मोबाईलवर आलं. कुणीतरी सही करून घेतलंय. तूच असशील असं धरून चालते. तुझा फोन नाही. माझा फोन मी पदरात घेऊन फिरते, न्हाणीघरातसुद्धा.

मला फार भीती वाटते गं. आधी वाटलं होतं ऑर्डर जाईल, शेड बंद पडेल, याचीच भीती आहे. तीही आहे. सुरक्षिततेच्या कागदावर माझी सही आहे, की पास झालेल्या नमुन्यात नव्हतं असं काहीही या मालात नाही. लेबलवर आमचा लॉट नंबर आहे. उद्या तिकडे काही झालं तर शोधायलाही लागणार नाही, नंबर बघतील आणि सरळ लालबागला येतील. तुझ्या दाजींना सांगितलं. म्हणाले, दोन टाके घातलेत ना, मग निघतोय कशाला, उगीच टेन्शन घेऊ नको. आणि मग स्वतःच जेवले नाहीत.

पण खरी भीती ती नाही. शेजारच्या घरात नातू आलाय, जेमतेम रांगतो. काल त्याला ठसका लागला आणि मी भाजी चिरता चिरता उठून पळाले. दूध चढलं होतं, बाकी काही नाही. त्याची आजी माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या अंगणात सुरी हातात घेऊन उभी.

मला सारखी रेवा दिसते. तू म्हणशील, आता आठवली. नेहमीच आठवते. तुझी पोर आठ महिन्यांची, माहेरी आणलेली, मायने हौसेने शिवलेली कुंची डोक्यावर. ती कुंची चोखता चोखता मणी सुटला आणि घशात गेला. निळी पडली होती. तू तिला पालथी धरून पाठीवर मारत शनवारा दरवाज्यापर्यंत अनवाणी पळालीस आणि दवाखान्याच्या पायरीवर मणी बाहेर पडला. आणि घरी आल्यावर माय काय म्हणाली ते तू विसरली नसशील. "मणी होता म्हणून वाचली. सगळी दृष्ट त्याच्यावर गेली." तू त्याच दिवशी पोरीला घेऊन बसमध्ये बसलीस. मी काय बोलले, काय नाही, ते आता काढत नाही.

काल मी मायला तीच गोष्ट काढून दाखवली. म्हटलं, रेवाचं काय झालं होतं आठव. तर तिने तेच वाक्य पुन्हा ऐकवलं, अक्षर इकडचं तिकडे नाही. मग म्हणाली, एवढी भीती वाटते तर इच्छापुरला जाऊ, देवीची ओटी भरू. मी म्हटलं, देवीला कशाला मध्ये घालतेस, तिने थोडेच टाके घातलेत. तर मला म्हणते, पितरपाठात तोंड सांभाळून बोल.

तिच्यावर ओरडूनही उपयोग होत नाही. ओरडले की ती लहान तोंड करून बसते. तिला खरंच वाटतं की तिने त्या लेकरांचं भलं केलं. दुष्टपणाने केलं असतं तर बरं झालं असतं, मी दोन दिले असते आणि मोकळी झाले असते.

मी तुला कागदात खोट काढायला सांगितलं ते चुकीचं आहे का? असेल. पण मंगळवारी जहाज सुटतंय. तू काही करणार आहेस की नाही, एवढं तरी कळव. नाही म्हणालीस तरी चालेल. नुसतं गप्प बसू नकोस, ते मला सहन होत नाही.

शीतल


लालबाग
१५ सप्टेंबर, सोमवार

ज्योत्स्ना,

आत्ताच इंदूरहून आले. पाय धुतले आणि लिहायला बसले. माय चहा ठेवून गेलीय, तो गार होतोय.

काल दिवसभर तुझ्या फोनची वाट बघितली. मग ठरवलं की आता कुणाची वाट बघायची नाही. पहाटेच्या बसने निघाले. दाजींना सांगितलंच नाही, ते अडवतील म्हणून. पिशवीत एक उसवलेली टोपी आणि पुडीत मणी.  

सुधाकर शेठ तसे पोटात माया असलेले आहेत पण कामात फार कडक. आपलं इंदुरी हिंदी-मराठी बोलतात. मी टोपी टेबलावर ठेवली, पुडी सोडली, आणि सगळं सांगून टाकलं. मायने काय केलं, का केलं, मी काय बघितलं नाही.  त्यांनी खणातून एक छोटी नळी काढली, पारदर्शक, एका बाजूने बंद. तो मणी उचलला आणि आत टाकला. टक्कन तळाला गेला.

"शीतलताई, ये गला है. तीन वर्षांच्या आतल्या लेकराचा. यात जे मावतं ते आपण पाठवत नाही."

मला रडूच कोसळलं. इतक्या दिवसांत आलं नव्हतं ते तिथे आलं, त्यांच्या पोऱ्यासमोर. मी म्हटलं, जहाज उद्या आहे, काहीही करा पण माल थांबवा. तेव्हा ते म्हणाले की माल तर शुक्रवारपासूनच थांबलाय. बंदराच्या बाहेर यार्डात गाडी उभी आहे.

तुझा फोन आला होता त्यांना. काय बोललीस तेही त्यांनी सांगितलं. "गाडी आत घेत नाही. सोमवारपर्यंत थांबा. काय कारण ते बुऱ्हाणपूरहून कळेल, त्यांच्याच तोंडून." त्यांनी खोदून विचारलं तरी तू पुढे काही बोलली नाहीस म्हणे. आज दुपारपर्यंत मी आले नसते तर ते स्वतःच इकडे यायला निघणार होते.

ज्योत्स्ना, मला इतका राग आला तुझा. अजून आहे. शुक्रवारी गाडी थांबवलीस, मग त्याच दिवशी मला एक फोन करता आला नाही? मी इथे तीन दिवस मेल्याहून मेले झाले. मला परीक्षेला बसवलंस काय? आणि मी नसते गेले तर? पण तू सांगितलंच असतंस, ते मला ठाऊक आहे. आणि शेठ असंही म्हणाले, तुम्ही स्वतः आलात म्हणून मी तुमच्यासमोर बसलोय, नाहीतर वकील बसला असता.

खोटी खोट काढायला मी सांगितलं होतं, ते तू केलं नाहीस, तेही कळलं.

माल परत येतोय. एकेक झबलं तपासायचं, पुन्हा लॅबला पाठवायचं, खर्च आमचा. तिकडच्या मागवणाऱ्याला शेठ आजच कळवताहेत, लपवायचं काही नाही म्हणाले. आणि पुढची तपासणी होईपर्यंत आमची शेड त्यांच्या यादीतून बाहेर. मशीनवरच्या शारदाला मी बसमधूनच फोन केला. ती म्हणाली, "तुझ्या मायनं घातले न ताई, मंग आम्ही कामून भोगायचं?"  सगळ्या बायकांची दिवाळी माझ्या डोक्यावर आहे.

आणि एक गोष्ट राहिली, ती मी शेठना शेवटी सांगितली कारण ती जिभेवरच येत नव्हती. एक खोकं आधीच विमानाने गेलंय. तिकडच्या दुकानांत दाखवायला. ते मायच्या हाताखालून गेलं होतं. ते आता कुठे आहे, कोणाच्या घरात आहे, देव जाणे.

शीतल


लालबाग
२२ सप्टेंबर, सोमवार

ज्योत्स्ना,

हे पत्र मामाच्या लोटूभाऊच्या हाती देते आहे, त्याच्या फोनवरूनही तुझा लागत नाही. त्याला सांगितलंय की दारात उभं राहून द्यायचं आणि तू वाचेपर्यंत हलायचं नाही. दुसरं काही वाचू नकोस, आधी हे वाच. श्रावणात मायने त्याच्या हाती तुला जी कुंची पाठवली ती बाळाच्या अंगावर असेल तर आत्ताच काढ. टोपीच्या मागची घडी उसवून बघ. आधी हे कर, मग पुढचं वाच.

केलंस?

मला आजच कळलं. आज घट बसले, लोटूभाऊ देडतलाईहून केळीचा घड घेऊन आला आणि ओट्यावर बसल्या बसल्या मायला म्हणाला, "आत्या, बाळाले कुंची बरोबर बसली म्हणे." मी घटाला पाणी घालत होते. कुठल्या बाळाला? तेव्हा कळलं, तुला मुलगा झालाय. तीन महिन्यांचा आहे म्हणे. हा केळी घेऊन वाशीला जातो आणि दर खेपेला तुझ्याकडे वाकडी वाट करतो, मायचं काहीबाही पोचवतो, हेही आजच कळलं. माझ्या पाठीमागे तुम्ही दोघी बोलत होता आणि मी इथे बहिणीच्या सहीची शेपटं बघत बसले. असो. ते नंतर भांडू.

मी मायचा हात धरला. विचारलं, त्या कुंचीत मणी आहे? म्हणाली, नाही. का नाही? म्हणाली, "ज्योत्स्ना उसवून पाहीन. मले तिचा स्वभाव माहीत आहे."

म्हणजे नाही घातला. पण मी तिच्यावर विश्वास कसा ठेवू, सांग. आठवडाभर काय झालंय ते तुला माहीत नाही. खोकी परत आली. आम्ही सगळ्याजणी उसवायला बसलो पण बोटांनी मणी ओळखायला मायच लागली. ती घडीवरून अंगठा फिरवते आणि बाजूला टाकते, एकदाही चुकली नाही. पण पिवळ्या झबल्यांच्या खोक्याला ती म्हणाली, यात नाही घातले, मणी सरले होते. मी तरी बघितलं. त्यात होते. ती खोटं बोलत नव्हती, ती विसरली होती. मग तुझ्या कुंचीचं तिला काय आठवणार?

आणि विमानाने गेलेलं ते खोकं सापडलं. दुकानातच होतं, एक झबलं सोडून. ते दुकानातल्या बाईने आपल्या भाचीला नेलं होतं. शेठनी कळवल्यावर ती धावत जाऊन घेऊन आली. पोर ठीक आहे, तिला काही झालं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. त्यांनी फोटो पाठवला. टोपीची घडी चोखून चोखून चुरगळलेली, टाके सुटलेले, आणि मणी एका धाग्यावर लोंबतोय. शेजारी मोजपट्टी ठेवलीय.

मी तो फोटो मायला दाखवला. मोठा करून दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ नेला. मला वाटलं आता म्हणेल, मणी होता म्हणून वाचली. तसं म्हणाली नाही. शेठनी ती नळी मला देऊन टाकली होती, ती मागून घेतली. उसवून काढलेल्या मण्यांतला एक आत टाकला. बाहेर काढला. पुन्हा टाकला. दुपारभर तेच करत होती. जेवायला हाक मारली तर आली नाही.

मला त्या परक्या पोरीचा धागा डोळ्यांसमोरून जात नाही, आणि आता तुझं बाळ. मी त्याचं तोंडही बघितलेलं नाही, नावही माहीत नाही. उसव, ज्योत्स्ना. माय काहीही म्हणो. स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, उजेडात बसून उसव. आणि या वेळी मला परीक्षेला बसवू नकोस, कळव.

शीतल


लालबाग
७ ऑक्टोबर, मंगळवार

ज्योत्स्ना,

त्या दिवशी तू फोन केलास. बोलली नाहीस फार, "रिकामी आहे" एवढंच म्हणून ठेवलास, पण मागे बाळ रडत होतं ते मी ऐकलं. दणदणीत आवाज आहे. घशात काही अडकलेल्या लेकराला असं रडता येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मी तिथेच देवघरासमोर भिंतीला टेकून बसले. तुझ्या दाजींना वाटलं काही झालं, ते पाणी घेऊन पळत आले.

काल लोटूभाऊ तुझी पिशवी देऊन गेला. उघडली तर कुंची. टोपीची घडी उसवलेली, आत काही नाही, आणि तुझी चिठ्ठी. "आता पुन्हा शिवून पाठव. थंडी पडायच्या आत पाहिजे." मी ती चिठ्ठी मायला वाचून दाखवली. तिने पुन्हा वाचायला लावली. पाहिजे, असंच लिहिलंय का, असं विचारलं. हो म्हटलं, पाहिजे असंच लिहिलंय.

शेडचं सांगते. माल तपासून पुन्हा लॅबला गेला, पास झाला, गेल्या आठवड्यात निघाला. कागदावर तुझीच सही होती. शेठचा माणूस दिवाळीनंतर बघायला येणार, मग यादीत घ्यायचं की नाही ते ठरवतील. मी होकार गृहीत धरलेला नाही. तोवर शाळेचे गणवेश शिवतोय, पोटापुरतं. शारदा माझ्याशी कामापुरतंच बोलते. मायला आता धागे कापायला बसवत नाही. तीच म्हणाली, मले नको बसवू, माह्या हाताचा भरवसा नाही. मग बटणांच्या टेबलापाशी बसते. जे काही छोटं दिसेल ते उचलून नळीत टाकून बघते. परवा शारदाच्या कानातला खडा पडला होता, तोही टाकून बघितला.

आज दुपारी ती कुंची घेऊन बसली. मी समोर बसले. तिने माझ्याकडून सुई मागून घेतली, अंबाड्यातली नव्हे. धागा ओवला. घडी जुळवली. मी तिच्या बोटांकडे बघत होते आणि खरं सांगते, मला पुन्हा तीच भीती वाटत होती. डोळे मिटले तर ती काहीतरी आत सरकवेल. माझी आईच ती, आणि मी चोराकडे बघावं तशी बघत होते. तिला ते कळलं. तिची बोटं थांबली.

सुई तिने काढून माझ्या हातात दिली आणि कुंची माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "राहू दे. घडी उघडीच राहू दे. तिले आत पाहता येईन."

 नळी हातात फिरवत होती. मी उठायला लागले तेव्हा मान वर न करता तिने विचारलं, "रेवा किती निळी पडली होती गं?"

मी सांगितलं. ओठ, नखं, सगळं सांगितलं. त्या दिवशी मीही तुला म्हटलं होतं की पोर वाचली ना, मग जाऊ दे आता, हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

कुंची तशीच पाठवते आहे. नुसते चार टाके आहेत, तू घाल. सुई तुझ्याकडचीच घे, आमच्या मोजलेल्या असतात.

बाळाचं नाव कळव.

ताई